पन्नासावं काडतूस

तळहातावर ठेवलं की बोटं शिल्लक उरतात
एवढंसंच पिस्तूल.
मुठीपाशी निकेल उडालेलं,
घोडा अंगठ्याला गार लागतो
जानेवारीतल्या फाटकाच्या कडीसारखा.
रोझली म्हणते, उंदरांच्या लढाईत शोभेल.
म्हणेना का.
दांडग्या बंदुका आमच्या खोऱ्यात घरटी दोन,
हरणांचा मोसम आला की डोंगर दणाणतो.
मला या बारक्यांचाच लळा.

कपाटात एकवीस आहेत.
सायकलवाल्यांनी कुत्री हाकलायला बाळगलेलं एक.
एक कुणा बाईच्या हातमोज्यांशेजारी म्हातारं झालेलं.
एकाचा चाप पोटाशी दुमडलेला,
घोडा ओढावा तेव्हा लाजत बाहेर येतो.
आणि हे बत्तीसचं. एकबारी.
नळी मोडायची, एक काडतूस सरकवायचं,
पुन्हा मिटायची,
चष्म्याच्या डबीसारखा आवाज होतो.

याची काडतुसं आता कुणी करत नाही.
हार्डवेअरचं एक दुकान बुडालं, त्याच्या लिलावात
मी आणि वेंडेल क्राट्झरने
निम्मे निम्मे घालून पेटी घेतली.
हिरवं लेबल, एक कोपरा कुरतडलेला, आत पन्नास.
वेंडेल म्हणाला, वर्षाला दोन उडवू.
एक तुझं, एक माझं.
म्हणजे पंचवीस वर्षं!
हसलो आम्ही,
तेव्हा पंचवीस वर्षं हसण्यावारी नेता येत होती.

ऑक्टोबरचा दुसरा रविवार,
सस्क्वेहॅनाच्या अलीकडची चुनखडीची बंद खाण,
सात पावलांवर टोमॅटोचा डबा.
वर्षभर तेल, ब्रश, भिंग, स्क्रू,
आणि मग हा एवढासा ‘टप्’.
धूर नाकाशी येईपर्यंत वेंडेल डोळे मिटून उभा राहायचा,
मग विचारायचा, लागली?
कधीच लागली नाही.
त्याच्या नेमापायी तीन डबे गंजून मेले,
गोळी एकालाही शिवली नाही.

गेल्या मार्चमध्ये तो गेला.
पेटीत दोन उरली होती.

या ऑक्टोबरात एकटाच गेलो.
एकोणपन्नासावं त्याच्या वाटचं,
मी फक्त हात लावला.
डबा टुणकन उडून दगडावर आपटला.
लागली रे, मी ओरडलो,
चोवीस वर्षांनी लागली!
खाणीने ते दोनदा म्हणून दाखवलं.

मग माझं.
नळी मिटली. घोडा ओढला. चाप दाबला.

खट्.

नियम त्यानेच शिकवला होता:
उडालं नाही तरी हात हलवायचा नाही,
नळी समोरच्या भिंतीकडे, आणि तीस मोजायचे.
म्हातारी दारू कधी कधी उशिरा ऐकते.

एक, दोन.
मनगट थरथरतं हे पाचला कळलं.
नवाला एक सुतारपक्षी थांबला.
चौदाच्या आसपास मला वाटलं, मागे कुणी खाकरलं,
वळायचं नसतं, म्हणून वळलो नाही.
वीस. डब्याच्या भोकातून
पलीकडचं गवत दिसत होतं, पिवळं.
सव्वीसनंतर मी हळू मोजायला लागलो,
लबाडी म्हणा हवं तर.
तीस झाले तरी आणखी दहा मोजले.

काडतूस बाहेर काढलं. शिसं जागच्या जागी,
कडेवर नखाएवढा खळगा.
अर्धा वळसा देऊन पुन्हा घातलं असतं
तर घोड्याला कोरी कड मिळाली असती;
निम्मी हट्टी काडतुसं दुसऱ्या टोल्याला उडतात,
हेही वेंडेलच सांगायचा.

मी ते पेटीत ठेवलं,
कुरतडलेल्या कोपऱ्यापासून दूर.

घरी रोझलीने विचारलं, संपली का पेटी? फेकू?
म्हटलं, राहू दे. एक आहे अजून.
ती काही बोलली नाही, सूप गरम करत राहिली.

रात्री दिव्याखाली नळी साफ केली,
एकाच गोळीची काजळी ती किती.
फडकं पहिल्यांदा काळं आलं,
दुसऱ्यांदा करडं,
मग पांढरं,
मग पुन्हा एकदा पांढरं.